हेडकोच झाले नाहीत, एवढाच गुन्हा : नॅशनल फुटबॉल फाउंडेशनला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,
नॅशनल फुटबॉल फाउंडेशन,
अर्व्हिंग, टेक्सास

विषय : कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (संघाच्या डिफेन्सचे, म्हणजे बचावाचे, प्रमुख कोच) आणि इतर असिस्टंट कोच यांना जागा देण्याबाबत

स. न. वि. वि.

२०२५ च्या मे महिन्यात तुम्ही हॉल ऑफ फेमचा एक नियम बदललात. कोच म्हणून हॉलमध्ये यायचे तर किमान ६० टक्के सामने जिंकलेले हवेत, अशी जुनी अट होती. २०२७ च्या मतपत्रिकेपासून ती ५९.५ टक्के होणार. कोच माइक लीच २०२२ मध्ये वारले तेव्हा त्यांची टक्केवारी ५९.६ होती. हा बदल कुणासाठी झाला ते सगळ्यांना कळले आणि बहुतेकांना आवडलेही. मलाही आवडला. टेक्सास टेकसारख्या ठिकाणी बसून ज्या माणसाने साऱ्या देशाला पास फेकायला शिकवले, त्याला अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने बाहेर उभे ठेवणे हास्यास्पदच होते.

पण त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे. उमेदवार किमान १० वर्षे आणि किमान १०० सामने ‘हेडकोच’ असला पाहिजे. नियम दुरुस्तीला टेबलावर घेतलाच होता, तर हे वाक्यही तुमच्या डोळ्यांखालून गेले असणार. तुम्ही ते होते तसेच ठेवलेत. माझे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. त्या वाक्यामुळे व्हर्जिनिया टेक या कॉलेजची डिफेन्स वर्षानुवर्षे सांभाळलेले बड फॉस्टर तुमच्या हॉलमध्ये कधीच येऊ शकत नाहीत. त्यांच्या नावावर मतदान होऊन ते पडतील असेही नाही, कारण नाव मतपत्रिकेवरच येणार नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितो आहे ते आमच्या लोकांनीही वाचावे म्हणून. व्हर्जिनिया टेकमध्ये एमएस करायला आलेली आणि शनिवारी लेन स्टेडियममध्ये घसा बसेपर्यंत ओरडलेली मराठी मुले-मुली आज अमेरिकाभर पसरली आहेत. त्यांनी वाचावे, पटले तर तुम्हाला लिहावे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांनीही वाचावे, कारण मागणी समजायला खेळाचे नियम यावे लागत नाहीत.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल. पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठा रिकाम्या पडतात. त्यामुळे व्हर्जिनिया टेकच्या गावी, ब्लॅक्सबर्गला, आल्यावर हातात चेंडू कवटाळून पळणाऱ्या या खेळाला फुटबॉल म्हणतात हे पचायला वेळ लागला. पहिल्या सामन्यात मला काही म्हणजे काही कळले नव्हते. दर सहा-सात सेकंदांनी सगळे थांबायचे, पुन्हा ओळीत उभे राहायचे. शेजारी बसलेल्या गावातल्या एका आजोबांनी सांगितले, “चेंडू कुणाकडे आहे ते बघू नकोस. आपली डिफेन्स उभी कशी राहते ते बघ.” तेव्हापासून मी तेच बघत आलो. आणि ते बघायला लागल्यावर साइडलाइनवर उभ्या असलेल्या, करड्या मिशांच्या त्या माणसाकडे लक्ष जाणारच.

फॉस्टर यांची कारकीर्द तुम्हाला माहीत आहे. माझ्या वाचकांना नाही, म्हणून सांगतो. इलिनॉयमधल्या नोकोमिस या छोट्या गावातला हा मुलगा केंटकीच्या मरे स्टेटमध्ये खेळला, बचावातल्या जागांवर, कधी स्ट्राँग सेफ्टी, कधी आउटसाइड लाइनबॅकर. तिथे फ्रँक बीमर नावाचा तरुण कोच डिफेन्स सांभाळत होता. १९८१ मध्ये बीमर मरे स्टेटचे हेडकोच झाले आणि नुकताच खेळून मोकळा झालेला फॉस्टर त्यांच्या हाताखाली लागला. १९८७ मध्ये बीमर आपल्या जुन्या कॉलेजात, व्हर्जिनिया टेकला, हेडकोच म्हणून परतले. फॉस्टर लाइनबॅकर कोच म्हणून बरोबर आले. पहिल्या हंगामात ११ पैकी २ सामने जिंकले. १९९२ मध्येही दोनच. तेव्हा या जोडीवर कुणी पैसे लावले नसते.

१९९५ मध्ये फॉस्टर सह-डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले, पुढच्या वर्षीपासून एकटेच. २०१९ च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत ते त्याच जागेवर राहिले. एका कॉलेजात ३३ हंगाम, त्यातले २५ डिफेन्सच्या प्रमुखपदी. ज्या धंद्यात दोन वाईट शनिवार झाले की लोक कोचची बोचकी बांधायला निघतात, तिथे हे कसे जमले असेल याचा अचंबा वाटतो. १९९३ पासून २०१९ पर्यंत टेकचा संघ सलग २७ वर्षे बोल सामन्याला (हंगामाअखेर निवडक संघांत होणाऱ्या सामन्याला) गेला. त्या प्रत्येक वर्षी फॉस्टर तिथे होते. २०१५ नंतर बीमर निवृत्त झाले, नवा हेडकोच आला. नवा साहेब आला की जुनी माणसे झाडून काढायची, ही इथली रीत. फॉस्टर यांना मात्र नव्या साहेबांनी ठेवून घेतले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्याच भिंतीवरच्या नावांवरून. ४ जानेवारी २००० च्या रात्री न्यू ऑर्लिन्सला शुगर बोल झाला. राष्ट्रीय विजेतेपदासाठी व्हर्जिनिया टेक विरुद्ध फ्लोरिडा स्टेट. तिसरे सत्र संपले तेव्हा टेक २९–२८ असे पुढे होते. शेवटी ४६–२९ असे हरले. दुखते अजून, पण तो विषय वेगळा. त्या रात्री मैदानावर दोन हेडकोच होते, बॉबी बाउडेन आणि फ्रँक बीमर. बाउडेन २००६ मध्ये तुमच्या हॉलमध्ये आले, बीमर २०१८ मध्ये. टेकचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) मायकल विक २०२५ मध्ये आला. त्याच रात्री दोन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरही होते. टेककडून फॉस्टर, फ्लोरिडा स्टेटकडून मिकी अँड्र्यूज. अँड्र्यूज अलाबामाचे माजी खेळाडू. १९८४ ते २००९ अशी २६ वर्षे त्यांनी फ्लोरिडा स्टेटची डिफेन्स घडवली, त्यात १९९३ आणि १९९९ ची दोन राष्ट्रीय विजेतेपदे. त्याआधी लहान कॉलेजांत सात वर्षे हेडकोचही होते, एक राष्ट्रीय विजेतेपदही जिंकले होते. पण सात म्हणजे दहा नव्हेत. म्हणून तेही बाहेर.

बीमर यांच्या नावावर टेकचे २३८ विजय आहेत. त्यातल्या प्रत्येक विजयाच्या वेळी फॉस्टर त्यांच्याच स्टाफवर होते, एकही सुटलेला नाही. तुम्ही ते २३८ एका माणसाच्या खात्यावर जमा करता आणि दुसऱ्याच्या खात्यावर शून्य मांडता. हे हिशेबात बसते का? बीमर यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. फॉस्टर यांचे श्रेय बीमर यांनी कधी नाकारले नाही. नाकारतो तो तुमचा नियम.

दुसरी तक्रार कामाच्या स्वरूपाबद्दल. हेडकोच म्हणजे सगळ्याचा धनी, निर्णय त्याचा, म्हणून मान त्याचा, असे तुम्ही म्हणाल. पण सामना चालू असताना काय घडते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. समोरचा संघ कोणते खेळाडू आत पाठवतो ते बघायचे, ते कसे उभे राहतात ते बघायचे, या अंतरावरून या संघाने गेल्या चार सामन्यांत काय केले ते आठवायचे आणि चेंडू उचलला जाण्याआधी अकरा जणांना इशारा द्यायचा. हातात ४० सेकंदही नसतात. सामन्याला असे साठ-सत्तर वेळा. हा निर्णय बहुतेक ठिकाणी हेडकोच घेत नाही. कोऑर्डिनेटर घेतो.

६ सप्टेंबर २०१४ ची रात्र घ्या. कोलंबसला ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर लाखभर लोकांसमोर टेकने ३५–२१ असा विजय मिळवला. फॉस्टर यांनी त्या दिवशी ‘बेअर’ फळी लावली होती. मधली वाट माणसांनी बुजवून टाकायची, कोपऱ्यातल्या बचावपटूंना पास झेलणाऱ्या रिसीव्हरसमोर एकेकटे सोडायचे आणि तरुण क्वार्टरबॅकला म्हणायचे, फेक बघू. त्या क्वार्टरबॅकला, जे. टी. बॅरेटला, सात वेळा सॅक केले (पास फेकण्याआधीच पाडले), तीन पास हिसकावले. तोच ओहायो स्टेट त्या हंगामात पुन्हा एकदाही हरला नाही आणि पहिला कॉलेज फुटबॉल प्लेऑफ जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. त्यांचे हेडकोच अर्बन मायर २०२५ मध्ये तुमच्या हॉलमध्ये आले. ज्याने त्या वर्षी त्यांना कोड्यात टाकले, त्याच्यासाठी तुमच्याकडे अर्जाचा कागदसुद्धा नाही.

(त्याच वर्षी नोव्हेंबरात वेक फॉरेस्टविरुद्ध फॉस्टर यांच्या डिफेन्सने साठ मिनिटांत एकही गुण दिला नाही. आमच्या आक्रमणानेही काढला नाही. ०–० वरून दुसऱ्या जादा डावात ३–६ असे हरलो. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचे नशीब कसे असते ते यावरून कळावे. हा पराभव कुठल्या हिशेबाने त्यांच्या माथी मारायचा?)

तिसरी तक्रार. मोजता येत नाही म्हणून मान देता येत नाही, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो खरा नाही. दर सामन्याला समोरच्याला किती यार्ड पुढे सरकू दिले, किती गुण दिले, याचे आकडे दर हंगामाचे असतात. २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे देशात सर्वांत कमी यार्ड देणारी डिफेन्स व्हर्जिनिया टेकची होती. २००६ मध्ये सामन्याला सरासरी ११ गुण. त्याच वर्षी फॉस्टर यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, जो देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला देतात. १९९६ मध्ये हा पुरस्कार सुरू झाला तेव्हाचे पहिले मानकरी मिकी अँड्र्यूज. म्हणजे असिस्टंटमधला सर्वोत्तम कोण हे ठरवता येते, गेली तीस वर्षे ठरवले जाते आहे. फक्त तुमच्या दारापर्यंत आल्यावर ते मोजमाप चालेनासे होते.

आणि आकड्यांत न मावणारेही आहे. फॉस्टर यांच्या डिफेन्समध्ये ‘रोव्हर’ आणि ‘व्हिप’ अशा दोन जागा होत्या. एक अर्धा सेफ्टी-अर्धा लाइनबॅकर, दुसरा मोकळ्या बाजूचा चपळ लाइनबॅकर. खेळाडू असताना ते स्वतः साधारण अशाच जागांवर खेळलेले. इतर कॉलेजांनी नको म्हटलेली, उंचीने वा वजनाने कमी भरणारी मुले या जागांवर उभी राहून मोठी झाली. कोडी ग्रिम शिष्यवृत्तीशिवाय संघात आला होता. २००९ मध्ये व्हिप म्हणून त्याने एका हंगामात सात वेळा समोरच्याच्या हातातला चेंडू उडवला आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला. कॉरी मूर डिफेन्सिव्ह एंडच्या, म्हणजे बचावफळीच्या टोकावरच्या खेळाडूच्या, मानाने लहान चणीचा. १९९९ मध्ये लोम्बार्डी आणि नागुर्स्की हे दोन्ही पुरस्कार त्यानेच नेले. कॅम चॅन्सेलर शाळेत क्वार्टरबॅक होता, टेकला येऊन बचावपटू झाला आणि पुढे सिअॅटलकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. फुलर घरातले चार भाऊ टेकला खेळले, त्यातले तिघे फॉस्टर यांच्या डिफेन्समध्ये. २०१८ मध्ये ट्रमेन आणि टेरेल एडमंड्स हे सख्खे भाऊ एनएफएलच्या एकाच ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडले गेले, असे त्याआधी कधी घडले नव्हते.

आमच्या गंगावेशीच्या तालमीत पोरगा कुस्ती मारून आला की पहिला प्रश्न असतो, “कुणाचा पठ्ठा?” पैलवानाच्या नावामागून वस्तादाचे नाव येतेच. वस्ताद स्वतः खासबागेत किती कुस्त्या मारून आला, तालमीचा अध्यक्ष होता की नव्हता, हे कुणी विचारत नाही. भारत सरकारने १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. क्रिकेटमध्ये १९९० साली तो मान रमाकांत आचरेकरांना मिळाला. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. त्यांना कुणी भारताचे कोचही केले नव्हते. त्यांनी माणसे घडवली, तेवढे पुरले. आमच्याकडच्या पुरस्कारांत घोळ नसतात असे अजिबात नाही, दरवर्षी एखादा वाद होतोच. पण शिकवणाऱ्याला शिकवण्याबद्दल मान द्यावा, एवढे तरी तिथे मान्य आहे.

चौथी तक्रार सगळ्यांत गंभीर आहे, कारण ती खेळाच्या भल्याशी जोडलेली आहे. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात २०२५ च्या हंगामात १३६ संघ होते, म्हणजे हेडकोचच्या १३६ खुर्च्या. कोऑर्डिनेटर त्याच्या दुप्पट, बाकीचे असिस्टंट कितीतरी पट. तुमचा नियम त्या सगळ्यांना सांगतो की, आहे तिथे राहाल तर नाव राहणार नाही, खुर्ची गाठा. मग मन लावून शिकवणारा माणूस निधी गोळा करायला, भाषणे द्यायला, करार करायला जातो. ते त्याला जमतेच असे नाही. फॉस्टर यांचे नाव हेडकोच म्हणून अनेकदा चर्चेत आले. ते ब्लॅक्सबर्गलाच राहिले. यात त्यांचे स्वतःचे किती आणि निवड समित्यांचे किती, हे ते जाणोत. पण डोंगरातल्या त्या छोट्या गावाला एक माणूस तीन दशके टिकून राहिला, याची शिक्षा त्याला देऊ नका.

१९९५ मध्ये त्यांनी खाणकामगाराचा एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा डिफेन्सचे चिन्ह म्हणून आणला. व्हर्जिनियाचा तो कोपरा आणि शेजारचा वेस्ट व्हर्जिनिया कोळशाचा मुलूख; आमच्यासमोर बसणाऱ्या निम्म्या लोकांचे आजे-पणजे असले डबे घेऊन खाणीत उतरलेले. ज्याने त्या आठवड्यात सर्वांत कष्ट केले त्याने तो डबा मिरवायचा. जाहिरातबाज कल्पना म्हणून कुणी नाक मुरडेल. मीही सुरुवातीला मुरडले होते. पण वीस वर्षांचा धट्टाकट्टा पोरगा तो गंजका डबा पुस्तकांइतका जपून विमानात चढवतो, हे बघितल्यावर नाक आपोआप सरळ होते.

एक गोष्ट मी तक्रार म्हणून मांडत नाही. १६ एप्रिल २००७ ला आमच्या कॅम्पसवर झालेल्या गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला. त्यात दोन भारतीय होते, एक प्राध्यापक आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी. त्या उन्हाळ्यात आमच्यापैकी अनेकांच्या घरून रोज फोन येत, परत या म्हणून. १ सप्टेंबरला लेन स्टेडियममध्ये ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध पहिला सामना झाला. टेकने १७–७ असा जिंकला. आक्रमण चाचपडत होते, डिफेन्सने सामना धरून ठेवला. फुटबॉलच्या सामन्याने काही भरून निघत नाही हे मला कळते. पण त्या गावाला त्या दिवशी एकत्र उभे राहायला जागा हवी होती, आणि ती ज्यांनी दिली त्यांतल्या काहींना तुम्ही मान देता आणि काहींना देत नाही, हे मला बोचते.

फॉस्टर यांची कारकीर्द निष्कलंक होती, असा माझा दावा नाही. २०१८ मध्ये ओल्ड डोमिनियनसारख्या नवख्या संघाने आमच्यावर ४९ गुण चढवले. २०१९ च्या सप्टेंबरात ड्यूकने घरच्या मैदानावर ४५–१० अशी धूळ चारली. पण त्याच नोव्हेंबरात आधी जॉर्जिया टेकला आणि मग लेन स्टेडियमवरच्या त्यांच्या शेवटच्या सामन्यात पिट्सबर्गला शून्यावर रोखले. त्यानंतरचे दोन्ही सामने, व्हर्जिनिया आणि केंटकीविरुद्धचे, आम्ही हरलो. निरोप गोड झाला नाही. तुमच्या हॉलमधल्या किती हेडकोचचा झाला आहे?

हे पत्र एकट्या फॉस्टर यांच्यासाठी असते तर मी ते व्हर्जिनिया टेकच्या माजी विद्यार्थी संघटनेला लिहिले असते. नेब्रास्काचे चार्ली मॅकब्राइड यांनी १९८२ ते १९९९ डिफेन्स सांभाळली, त्या काळात तीन राष्ट्रीय विजेतेपदे आली. हेडकोच टॉम ऑस्बर्न हॉलमध्ये आहेत, मॅकब्राइड नाहीत. आयोवाचे नॉर्म पार्कर मधुमेहाने पाऊल कापावे लागल्यावरही कामावर परतले, २०११ च्या हंगामापर्यंत डिफेन्स चालवली आणि २०१४ च्या जानेवारीत वारले. त्यांना आता कुठलाच मान प्रत्यक्ष घेता येणार नाही. जे हयात आहेत तेही तरुण होत नाहीत.

व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने २०२२ पासून असिस्टंट कोच, ट्रेनर, साहित्य सांभाळणारे अशा पडद्यामागच्या लोकांसाठी स्वतंत्र सन्मान सुरू केला. तो हॉलचे पूर्ण सदस्यत्व नव्हे, मला तेवढ्यावर समाधान नाही. पण त्यांनी निदान प्रश्न आहे हे कबूल केले.

माझ्या मागण्या अशा. कोच या गटाखाली असिस्टंट आणि कोऑर्डिनेटर यांच्यासाठी वेगळी पात्रता ठरवा. वरच्या विभागात २० हंगामांचे काम, त्यातले किमान १० कोऑर्डिनेटर म्हणून, अशी अट मला रास्त वाटते. तुम्हाला दुसरी सुचत असेल तर ती मांडा, पण मांडा. निवृत्तीनंतर तीन हंगाम थांबायची अट हेडकोचना आहे, तीच यांनाही लावा. लोंढा येईल अशी भीती असेल तर वर्षाला एकच नाव घ्या. सुरुवातीची पाच वर्षे दोन घ्या, म्हणजे साठलेली थकबाकी फिटेल. या नावांची छाननी करणाऱ्या समितीत त्यांच्या हाताखाली खेळलेले आणि त्यांच्याविरुद्ध डाव आखलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक असावेत. जे वारले त्यांचाही विचार व्हावा. आणि यातले काहीच करायचे नसेल, तर का नाही ते लेखी, जाहीर सांगा. “परंपरा आहे” हे उत्तर आता देता येणार नाही. अर्ध्या टक्क्यासाठी का होईना, परंपरा तुम्ही २०२५ मध्ये मोडलीत.

अटलांटातल्या तुमच्या इमारतीत शेकडो कॉलेजांची हेल्मेट तीन मजली भिंतीवर मांडली आहेत. ती बघायला मी मुलाला घेऊन आलो होतो. त्याने विचारले, बड फॉस्टर कुठल्या मजल्यावर आहेत. मी त्याला तुमचा नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, मग नियम कुणाला सांगून बदलायचा? म्हणून हे पत्र तुम्हाला.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
व्हर्जिनिया टेकचा एक माजी विद्यार्थी
(मूळ गाव कोल्हापूर, सध्या मुक्काम उत्तर व्हर्जिनिया)